माइकसमोर काय बोलू, कोणतं पुस्तक वाचू?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे आणि तासगाव-सांगलीचा बेदाणा आमच्या खोक्यांतून बाहेर जातो. माझी उत्तरं त्या अनुभवातून येतात.

प्रश्न : भाजणी, चटण्या, सांडगे, पापड असा माझा घरगुती उद्योग आहे. गिऱ्हाइकाशी मी तासभर बोलेन. पण तालुक्याच्या महिला मेळाव्यात 'यशस्वी उद्योजिका' म्हणून दहा मिनिटं बोलायला बोलावलंय आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. शिक्षण दहावी, बोलणं गावाकडचं. मुलगी म्हणते, इंटरनेटवरून चांगलं भाषण काढून देते. काय करू?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : ताई, मुलीची मदत जरूर घ्या, पण वेगळ्या कामासाठी. स्वयंपाकघरात उभ्या राहून तुम्ही तिला तुमच्या धंद्याबद्दल सांगा आणि तिनं ते मोबाइलवर टिपावं. ऐकून बघा. जिथे तुमचा आवाज आपोआप चढतो, तेवढं भाषणात ठेवा. आयतं भाषण घेऊन उभ्या राहिलात तर 'स्त्री ही आदिशक्ती आहे' इथून सुरुवात होईल, आणि मागच्या रांगेतल्या बायका पिशव्या आवरायला लागतील.

त्या बायका तुमच्याकडून काय घेऊन जाणार? मला आजवर अशा मेळाव्यांत जे प्रश्न आलेत ते सांगते. सुरुवातीला पैसे किती घातले आणि कुठून आणले? पहिलं गिऱ्हाईक कोण? घरचे काय म्हणाले? आणि हातात पैसा सुटायला किती दिवस लागले? ही उत्तरं तुमच्यापाशी पाठ आहेत, लिहून काढायचीही गरज नाही. तेच तुमचं भाषण.

सुरुवात कामापासून करा. 'अध्यक्ष आणि मैत्रिणींनो' एवढं म्हणायचं, व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेत बसायचं नाही. ती सूत्रसंचालकानं घेतलेली असतात. मग सरळ सांगा, 'भाजणीचं सगळं धान्य एकदम कढईत टाकलं तर उडीद करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो. म्हणून मी तांदूळ वेगळा, हरभऱ्याची डाळ वेगळी, ज्वारी-बाजरी वेगळी भाजते, आणि धने-जिरे शेवटी, मंद आचेवर. घाई केली त्या दिवशीची भाजणी मी विकायला पाठवत नाही.' या तीन वाक्यांत तुमचा माल, तुमची मेहनत आणि तुमचा शब्द तिन्ही आले. पहिलं वाक्य तेवढं घोकून ठेवा. ते नीट बाहेर पडलं की पुढचं जमतं.

बोलीची चिंता सोडा. 'मी तुमास्नी सांगते' म्हणालात तर समोरच्या निम्म्या बायका खुर्चीत पुढे सरकतील, कारण त्याही घरी तसंच बोलतात. छापील बोलायला गेलात की एक डोळा व्याकरणावर राहील आणि सांगायचं ते निसटेल.

आता वेळ. पत्रिकेवर 11 लिहिलेलं असतं, सुरू साडेबाराला होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं म्हणून त्यांचं आधी. तुमची पाळी येते तेव्हा मांडवामागून वरणाचा वास येत असतो आणि संयोजक चिठ्ठी पाठवतात, 'थोडक्यात आवरा.' दहाची चार मिनिटं होतात. म्हणून भाषणाचे तीन तुकडे करा. पहिला, सुरुवात कशी झाली. मधला, अडचणी आणि गमती: पावसाळ्यात पापड वाळेनात तेव्हा काय केलं, पाकिटात ओल धरली तेव्हा काय केलं. शेवटचा, हिशेब. चिठ्ठी आली की मधला सोडायचा. हिशेब काही झालं तरी सोडायचा नाही.

हिशेबावर मी हटून बसते, कारण आपल्या बचत गटांचं खरं नुकसान तिथे होतं. अर्ध्या किलोच्या पाकिटाला धान्य किती रुपयांचं, गॅस किती, गिरणी किती, पाकीट-लेबल किती, प्रदर्शनाला जायचं भाडं किती, हे फळ्यावर मांडायला सांगितलं की बायका भराभर आकडे देतात. 'आणि तुमची मजुरी?' म्हटलं की शांतता. पहाटे चारला उठून भाजलेल्या धान्याची मजुरी शून्य! मग भाव शेजारच्या दुकानाचा बघून ठरतो, आणि वर्षभर राबून हातात काय राहिलं ते कळतच नाही. तुम्ही तुमच्या पाकिटाचा हिशेब मजुरीसकट, खऱ्या आकड्यांनी त्या मेळाव्यात मांडलात, तर दोन-चार जणी तरी घरी जाऊन वही उघडतील.

हातात काहीतरी घेऊन जा. बेदाणा व्यापाऱ्यांच्या बैठकीत मला बोलायचं होतं तेव्हा मी कोल्ड स्टोरेजमधून एक बसलेलं खोकं मागवून घेतलं होतं. 15 किलोची पेटी, तीन प्लायची, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची. गारठ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि थप्पीत सगळ्यात खालच्या खोक्याच्या कडा दबतात. ते खोकं टेबलावर ठेवलं आणि शेजारी आमचं पाच प्लायचं. फ्लूट (पुठ्ठ्यातली नागमोडी घडी), जीएसएम (कागदाचं वजन) हे शब्द मी नंतर काढले. तोवर पुढच्या रांगेतले दोघेजण उठून बोटानं कडा दाबून बघत होते. तुम्ही भाजणीचं एक उघडं पाकीट रांगेतून फिरवा. वास पोचला की निम्मं काम झालं.

माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि हनुवटीच्या किंचित खाली धरा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. लाकडी पोडियम उंच असेल तर त्याच्या मागे लपू नका, माइक हातात घेऊन बाजूला उभ्या राहा. आकडे लिहायला कागद नको. हात कापला की कागद फडफडतो आणि सगळ्या मांडवाला दिसतो. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, तो हलत नाही. हे पुठ्ठेवालीचं ज्ञान आहे, खुशाल वापरा.

प्रश्न : अंबडला माझं पावडर कोटिंगचं (धातूच्या वस्तूंवर कोरडा रंग फवारून तो ओव्हनमध्ये पक्का करण्याचं) वर्कशॉप आहे, आठ कामगार. धंद्यावरची इंग्रजी-मराठी बरीच पुस्तकं घेतली. वाचताना अंगात बळ येतं, सकाळी वर्कशॉपला गेलो की पुन्हा तेच. मोठ्या कंपन्यांकडे पैसे अडकलेले असतात ते वेगळंच. मी नेमकं कोणतं पुस्तक वाचावं?
– एक उद्योजक, नाशिक

उत्तर : दादा, नवं पुस्तक आत्ता घेऊ नका. घरात असलेल्यांपैकी मायकेल गर्बर यांचं 'द ई-मिथ' असेल तर ते काढा. नसेल तर वाचनालयातून आणा. मूळ पुस्तक 1986 चं आहे, 1995 मध्ये त्यांनी ते नव्यानं लिहिलं. त्यात 'पाय' (pie) नावाचा भाजलेला अमेरिकन पदार्थ बनवणाऱ्या एका बाईचं दुकान आहे. हात उत्तम, पण दुकान तिच्यावाचून एक दिवस चालत नाही. गर्बर यांचं म्हणणं असं, की कसबी माणूस धंदा काढतो आणि स्वतःच्याच धंद्यात कामगार होऊन बसतो. म्हणून काम असं लिहून ठेवा की दुसऱ्याला ते तसंच करता येईल. पुस्तकात पुढे फ्रँचायझीबद्दल बरंच आहे, ते अमेरिकेच्या बाजारासाठी ठीक आहे, तुम्ही पान उलटा.

एवढा एकच मुद्दा तुमच्या वर्कशॉपात आणा. तुमच्याकडे सेव्हन टँक, म्हणजे जॉब (रंगवायची वस्तू) रंगासाठी तयार करणाऱ्या सात टाक्या असणार. डिग्रीजिंगमध्ये (तेलकटपणा काढताना) जॉब किती मिनिटं, धुण्याचं पाणी कधी बदलायचं, फॉस्फेटिंगनंतर (रंग धरावा म्हणून द्यायच्या रासायनिक थरानंतर) सुकवल्याची खात्री कशी करायची, ओव्हन 180 ते 200 अंशांवर असताना जाड जॉबला किती वेळ आणि पातळ पत्र्याला किती. हे सगळं आज बहुधा एका माणसाच्या डोक्यात आहे. तो सुगीला गावी गेला की पिनहोल (रंगात बारीक छिद्रं) आलेले जॉब परत येतात, खरं ना? त्याच्याशेजारी बसून, त्याच्याच शब्दांत, मराठीत आणि हिंदीत ते लिहून घ्या आणि प्रत्येक टाकीवर लावा. तो गावी असताना तक्त्यावर काम चाललं, म्हणजे पुस्तकाचे पैसे वसूल. त्यानंतरच दुसरं प्रकरण.

चरित्र-आत्मचरित्रं मात्र सवडीनं वाचत राहा, आणि आपल्या मातीतली आधी. शंतनुराव किर्लोस्करांचं 'कॅक्टस अँड रोझेस' मला फार जवळचं. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात आहे म्हणून असेल. त्यांच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि 1910 मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला, हे आपण शाळेत ऐकतो. पण लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ती काढायला किती खपावं लागलं असेल, याचा विचार माल बनवणाऱ्यानं करावा. नांगर चांगला असून भागलं नाही, तो पटवावा लागला. पुढे 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, म्हणजे कारखाना गिऱ्हाइकांशी छापील बोलायला लागला. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' मराठीतच आहे आणि एका बैठकीत होतं. अशा पुस्तकांत पैसा कुठे अडला आणि माणसं कशी टिकवली, तिथे पेन्सिलनं रेघ मारा. जिद्दीची वाक्यं तशीच राहू द्या.

राहिली उधारी. त्यासाठी 2006 चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा वाचा, निदान कलम 15 आणि 16. लेखी करार काहीही असो, सूक्ष्म-लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. व्यापाऱ्यांना हे लागू नाही, तुम्हाला आहे, फक्त उद्यम नोंदणी (सरकारकडे लघुउद्योग म्हणून केलेली नोंद) आधीची हवी. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. पण तक्रारीआधी फोन असतो, आणि तो कसा करायचा हे कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नाही. 'साहेब, जरा बघा ना, फार अडचण आहे' असं म्हणू नका. म्हणा, 'बिल नंबर अमुक, माल 4 तारखेला तुमच्या गेटवर उतरला, आज 52वा दिवस आहे. पैसे कोणत्या तारखेला सोडता?' आणि गप्प राहा. तारीख येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मिळालेली तारीख लगेच ईमेलवर लिहून पाठवा. आमच्याकडे हे फोन मी कोणावर सोपवत नाही.

प्रश्न : वडिलांचं हार्डवेअरचं दुकान मी सांभाळतो. व्यावसायिकांच्या साप्ताहिक बैठकीत एका मिनिटात ओळख करून द्यायची असते. 'आमच्याकडे सगळं मिळतं' यापलीकडे सुचत नाही.
– एक तरुण व्यापारी, लातूर

उत्तर : सगळं मिळणारी दुकानं लातुरात रांगेनं आहेत, त्यामुळे ते वाक्य कोणाच्या ध्यानात राहत नाही. दर आठवड्याला एकच वस्तू आणि एकच मागणी. उदाहरणार्थ: 'घराचं वीटकाम झालंय पण प्लास्टर व्हायचंय, अशा टप्प्यावरचं बांधकाम तुमच्या ओळखीत असेल तर मला सांगा. भिंतीत जाणारी पाइप-फिटिंग आणि वायर त्याच वेळी लागते. आमचा माणूस साइटवर येऊन माप घेतो, यादी करून देतो आणि उरलेला माल बिलासकट परत घेतो.' अर्ध्या मिनिटात झालं. घरी जाताना रस्त्यात वीटकाम दिसलं की ऐकणाऱ्याला तुम्ही आठवाल. पुढच्या आठवड्यात बोअरची मोटर. आणि उरलेला माल परत घेत नसाल तर ते वाक्य मात्र काढून टाका, तिथे खोटं चालत नाही.

प्रश्न : हॉटेलात दोन दिवसांचं 'प्रभावी वक्तृत्व' शिबिर आहे. फी बरीच आहे. जावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : माझं मत, नको. दोन दिवसांत टाळ्या खूप वाजतात, तुम्ही उभं राहून बोलता किती? संयोजकांना तेवढं विचारा: प्रत्येकाला माइकवर एकूण किती मिनिटं मिळतील? पन्नास-साठ जणांच्या शिबिरात उत्तर काय येईल ते तुम्हीच काढू शकाल. वक्तृत्व शिकवणारे अमेरिकन लेखक डेल कार्नेगी 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत संध्याकाळचे वर्ग घेऊ लागले तेव्हा त्यांनी सामान्य नोकरदार-विक्रेत्यांना उभं करून स्वतःच्या आयुष्यातलं बोलायला लावलं. वारंवार बोलल्यानं त्यांची भीड चेपली.

तुमच्या बाजूला टोस्टमास्टर्सचे, म्हणजे एकत्र जमून भाषणाचा सराव करणाऱ्यांचे क्लब सापडतील. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था. तिथे पाहुणे म्हणून बसून बघता येतं. पाच ते सात मिनिटांचं भाषण असतं. पाचव्या मिनिटाला हिरवी खूण, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल. एकजण फक्त तुमचे 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजत बसलेला असतो, आणि दुसरा उठून भाषणात काय चांगलं होतं, काय सुधारायचं ते तोंडावर सांगतो. बऱ्याच क्लबांत इंग्रजी चालतं, ते जड जात असेल तर तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवायचं काम मागून घ्या. फुलस्केपचं एक पान सावकाश वाचायला दोनेक मिनिटं लागतात, तेवढ्यापासून सुरू करा. शिबिराची फी वाचेल, धंदा असेल तर त्यातून मालाचे नमुने वाटा.