थंडीत सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ पटकन कसा काढावा? गरम पाणी ओतलं तर चालतं का?

नाही चालत. उकळतं नाही, गरम नाही आणि "जरासं कोमट" तर मुळीच नाही, कारण कोमट म्हणजे किती हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. आमच्या घरात ते एकानं ठरवलं, त्याचे दीडशे युरो भरले.

तुम्ही लिहिलंय की म्युनिकमधला पहिलाच हिवाळा आहे, गाडी रस्त्यावर उघड्यावर असते, सातला निघायचं असतं आणि खरवडता खरवडता बोटं बधिर होतात. ऑफिसातल्या कुणीतरी केटलचा सल्ला दिलाय. तो कुणीतरी पुरुष असणार आणि इंजिनिअर असणार, हे मी न विचारता सांगते.

माझा नवराही इंजिनिअर आहे, तेही मेकॅनिकल. गाडीतल्या कुठल्याशा पार्टचं टेस्टिंग करतो. आम्ही श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला राहतो. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमची मुलगी महिन्याची होती आणि बाळंतपणासाठी आई-नाना निफाडहून आले होते. निफाड म्हटलं की काहींना द्राक्षं आठवतात, बाकीच्यांना पेपरातली थंडीची बातमी. नानांनी जन्मभर बाग केली, आता भाऊ बघतो. कडाका पडला की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं, हे बघत मी मोठी झाले. थंडी या विषयात मी नानांचा शब्द मानते. नवरा मोबाइलवरचं हवामान मानतो.

नाना काचेवरच्या त्या पांढऱ्या थराला बर्फ म्हणतच नव्हते. "हे दहिवर आहे," म्हणाले. इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी खिडकीतून बघून सांगितलं, "आज आभाळ मोकळं आहे, वाराही पडलाय. सकाळी गाडी पांढरी होणार." मोबाइल २ अंश दाखवत होता, म्हणून नवरा नुसता हसला. सकाळी गाडी पांढरी होती.

यात जादू काही नाही. मोकळ्या आभाळाखाली काच रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. म्हणून हवा शून्याच्या वर असली तरी काचेवर दहिवर जमतं. ढग असले की ते बरंच कमी होतं, आणि झाडाखाली किंवा बाल्कनीखाली लावलेली गाडी पुष्कळदा कोरडी राहते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: सकाळी काय करायचं यापेक्षा रात्री गाडी कुठे लावली ते बघा. उघड्यावरच लावायची असेल तर झाकून ठेवा. नाना हेच म्हणाले होते. त्यावर नवऱ्याचं उत्तर होतं, "नाना, ही गाडी आहे, द्राक्षाचा घड नाही." मला ते आवडलं नाही, पण पंधरा दिवसांचं पाहुणपण अजून शिल्लक होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात उणे ६ झालं. आठ वाजता मुलीला तपासणीला न्यायचं होतं. मी तिला घेऊन वर खिडकीत उभी. खाली नवरा, हातात केटल, बाजूला माकडटोपी घातलेले नाना. वरूनसुद्धा वाफ दिसत होती. आता जावयाला कोण बोलणार? नाना एवढंच म्हणाले, "वाफ लय निघतेय, जावईबापू." हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते असं की नवऱ्यानं केटल वाकडी केली, मग एकदम एक पाऊल मागे गेला, आणि नानांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तडा ड्रायव्हरच्या बाजूनं खालून निघून आरशापर्यंत गेला होता.

समोरची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा थर, त्यामुळे तिचे तुकडे होऊन पडत नाहीत, पण तडा जायचा तो जातोच. पाणी पडलं तिथली काच प्रसरण पावायला बघते, हातभर अंतरावरची गोठून आकसलेली असते, आणि मधल्या ताणाला जिथे कमजोर जागा सापडेल तिथून वाट मिळते. नाना द्राक्षाबद्दल हेच सांगतात: मणी थंडीनं नाही, थंडीवर एकदम ऊन लागलं की तडकतो.

पुढचं ऐका. काच इन्शुरन्समध्ये बसली, पण पहिले दीडशे युरो आमचे. आरशामागे कॅमेरा आहे, तो नवीन काचेवर परत जुळवून घ्यावा लागतो, म्हणून गाडी चार दिवस वर्कशॉपमध्ये. मुलीची तपासणी पुढे गेली. आणि ते ओतलेलं पाणी वाहत जाऊन वायपरच्या खाचेत आणि फुटपाथवर गोठलं. आमच्या भागात केअरवोखे म्हणून प्रकार आहे, जिना आणि फुटपाथ साफ ठेवायची आठवड्याची पाळी, पाळी आली की दाराला पाटी लटकते. त्या आठवड्यात पाटी आमच्याच दाराला. त्यामुळे साडेसात वाजता माझा मेकॅनिकल इंजिनिअर स्वतः बनवलेल्या बर्फावर खडी टाकत होता आणि खालच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून देखरेख करत होत्या.

तर तुम्ही काय करायचं. काच झाकायचं कव्हर सुपरमार्केटात थोडक्या पैशात मिळतं, त्याचे कान दोन्ही दारांत दाबायचे की वाऱ्यानं उडत नाही. वायपर रात्री उभे करून ठेवा. चिकटलेले वायपर चालू केले तर रबर फाटतं. खरवडणी प्लॅस्टिकचीच घ्या. ती घरी राहिली तर पार्किंगची निळी चकती बघा (गाडी किती वाजता लावली ते दाखवायला काचेमागे ठेवतात ती), बऱ्याच चकत्यांची एक कड खरवडण्यासाठीच असते. बँकेचं कार्ड वापरू नका, तुटतं. फवारा हवा असेल तर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी, स्प्रेच्या बाटलीत. बाटली घरात ठेवा, कारण ज्या दिवशी तिची गरज असते त्याच दिवशी गाडीचं दार गोठलेलं असतं. काच धुवायचं पाणीही हिवाळ्याचं भरा, साधं पाणी हायवेवर काचेवरच गोठतं. काच आतून गोठत असेल तर पायपुसण्या ओल्या आहेत, त्या घरात आणून वाळवा.

इंजिन चालू करून हीटरवर सोडायचं मनात असेल तर सोडा तो विचार. इथे उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवलं तर ८० युरो दंड आहे, आणि बर्फ वितळवणं हे कारण धरत नाहीत. समोरच्या काचेवरच्या बर्फात फक्त भोक पाडून त्यातून बघत गाडी चालवली तर १० युरो, पण त्या भोकातून शाळेत निघालेलं पोर दिसत नाही, ते १० युरोंत बसत नाही. अमेरिकेत माझी नणंद घरातून बटण दाबून गाडी गरम करते आणि मला फोटो पाठवते. पाठवू दे.

आता दोन गोष्टी मी वर लिहायच्या टाळल्या, पण नवरा हे वाचणार आहे, म्हणून लिहिते.

पहिली: त्या सकाळी काच झाकलेली होती. आदल्या रात्री नानांनी माझी जुनी सुती चादर गाडीवर टाकली होती. संध्याकाळी पाऊस भुरभुरून गेला होता, काच ओली, चादर ओली झाली आणि रात्रीत पापडासारखी कडक होऊन काचेला चिकटली. नवरा केटल घेऊन गेला तो चादर सोडवायला. त्यामुळे त्याच्या मते काच नानांच्या चादरीनं फुटली. सुती कापड वापरू नका, हे मान्य. पण चादर सुटत नव्हती तर मला हाक मारायची, हेअर ड्रायरची लांब वायर होती, काही नाही तर टॅक्सी होती. चादर काचेला तडा देत नाही.

दुसरी: काचेला आधीच एक टिचकी होती. ऑटोबानवर खडा उडून लागलेला, मसुरीएवढी. "तडा तिथूनच निघाला, पाणी फक्त निमित्त," हे त्याचं आवडतं वाक्य आहे, आणि तडा तिथूनच निघाला हे खरं आहे. मीच बघितलंय. पण ती टिचकी ऑक्टोबरातली होती. अशी टिचकी बुजवून घ्यायला आमच्या इन्शुरन्समध्ये एक पैसा लागत नव्हता, आणि मी त्याला तीनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा नऊ महिन्यांच्या पोटानं वर्कशॉपच्या दारात उभं राहून. तेव्हा पाण्यानं फुटली असेल तर त्याची चूक, आणि टिचकीनं फुटली असेल तर जास्तच.

पाणी कोमट होतं असंही तो म्हणतो. आमच्या केटलला एकच बटण आहे.

तुमच्या काचेवर टिचकी आहे का ते आज उजेडात बघून घ्या. वायपरच्या खाली दडलेली असते, आमचीही तिथेच होती.