‘आधी दहा किलो कमी करते, मग डॉक्टरांकडे जाते’

‘ताई, माझं वय ४९. ठाण्यात चरईला राहते, नोकरी फोर्टला. सहावीत शाळेत सगळ्यांची वजनं केली आणि सरांनी माझा आकडा वर्गात मोठ्यांदा वाचला. तेव्हापासून मी डाएटवरच आहे म्हणा ना. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून ‘मुलगी अंगाने जरा जास्त’ असा निरोप आला. कोबीचं सूप झालं, हजार कॅलरीचा तक्ता झाला, दीक्षित झाले, दिवेकर झाल्या, किटो झालं. २०१९ मध्ये १८ किलो उतरवले, ते टिकवायला जीव काढला, पण पुढच्या दीड वर्षात २३ चढले. सकाळी नुसती काळी कॉफी घेऊन लोकल पकडते, डब्यात काकडी-गाजर. आणि रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून शिळी पोळी, तूप-साखर, फरसाण, हाताला येईल ते खाते. डबे होते तसे लावून ठेवते. नवऱ्यालाही माहीत नाही. माझ्यात जिद्दच नाही का? एक शेवटचं डाएट करून बघू, की नाद सोडू?

ता. क. हल्ली जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात. पण सहा वर्षांत डॉक्टरांकडे गेलेले नाही. गेल्या वेळी ते वजनावरून फार बोलले. आधी दहा किलो कमी करते, मग जाते.’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी शेवटापासून घेते, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात ढकलली आहे. दम लागतो आणि पाय सुजतात, तर दहा किलो उतरायची वाट बघायची नसते. या आठवड्यात जा. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, आडवं झाल्यावर श्वास पुरेना, तर त्याच दिवशी जा. कारण साधं असू शकतं. पाळी जायच्या वयात अंगावरून जास्त जातं, रक्त कमी होतं. थायरॉइड असू शकतो. हृदयाचं किंवा किडनीचंही काही असू शकतं. यातलं काहीही वजनकाट्यावर उभं राहून कळत नाही.

माझ्या मोठ्या मावशीने ‘जरा बारीक होते मग दाखवते’ म्हणत चार वर्षं काढली. तिचा थकवा आणि वाढतं वजन, दोन्हीच्या मागे थायरॉइड निघाला. उपाय काय, तर रोज सकाळी एक गोळी. ती चार वर्षं स्वतःला आळशी म्हणत राहिली आणि आम्ही घरातले ऐकत राहिलो, हे मला अजून टोचतं.

ज्यांनी बोलून दुखावलं त्यांच्याकडेच जायला हवं असं काही नाही. दुसरे डॉक्टर गाठा, बहिणीला किंवा मैत्रिणीला सोबत न्या आणि हे एवढं कागदावर लिहून घेऊन जा: ‘वजनाचं मला माहीत आहे, त्यावर नंतर बोलू. आज मी दम आणि सुजेसाठी आले आहे. हीच तक्रार घेऊन एखादी बारीक बाई आली असती तर तुम्ही ज्या तपासण्या सांगितल्या असत्या, त्याच मला सांगा.’ घसा दाटून आला तर कागद सरळ पुढे करा. बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी, यांबद्दल आपणहून विचारा.

आणि आकडा म्हणजे प्रकृती नव्हे, हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापलं होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यालाही साखर होते. तपासणी त्यालाही लागते आणि तुम्हालाही.

आता जिद्दीचं. हा शब्द वाचून मला खरंच वाईट वाटलं.

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. लढाईवर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही मुलं, तेव्हा मनाने कच्ची म्हणायची सोय नाही. जवळजवळ सहा महिने त्यांना रोज साधारण १,६०० कॅलरींवर ठेवलं. वजनं सुमारे चौथ्या हिश्शाने उतरली. ती दिवसभर खाण्याबद्दलच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली, ताटं चाटायला लागली. काहींनी चोरून खाल्लं. नंतर पोटभर जेवण मिळायला लागलं तेव्हा तडस लागेपर्यंत खाऊनही भूक जाईना, आणि चरबी पहिल्यापेक्षा जास्त चढली. हे १,६०० कॅलरींवर झालं. तुमचा तक्ता हजाराचा होता.

चरबी उतरली की तिच्यातून निघणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक कमी होतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो, खर्च आवरता घेतो. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना तपासलं (२०११ साली हे प्रसिद्ध झालं), तर वजन उतरवून वर्ष उलटलं तरी भुकेची संप्रेरकं जागेवर आलेली नव्हती. २०१९ नंतर तुम्ही ह्या भुकेशी झुंजत होतात, नोकरी आणि घर सांभाळून. आळशी बाईला हे जमत नाही.

म्हणून शेवटचं डाएट नको. पण नाद सोडणं म्हणजे शरीराकडे पाठ फिरवणं असेल, तर तेही नको. चेन्नईच्या संशोधकांनी साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या गटाने फक्त चालणं आणि खाण्यात साधे बदल एवढंच केलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं. हे मला फार मोलाचं वाटतं. काटा हलला नाही तरी चालणं फुकट जात नाही. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की सकाळी तलावपाळीला एक फेरी मारा, दमलात तर कट्ट्यावर बसा.

रात्रीच्या खाण्याचं मूळ मला तुमच्या दुपारच्या डब्यात दिसतं. सकाळी कॉफी, दुपारी काकडी, संध्याकाळी लोकलच्या गर्दीत तास-दीड तास उभं राहणं. मग रात्री शरीर वसूल करणारच. उद्यापासून डब्यात दोन पोळ्या, भाजी, एखादी उसळ न्या. पाचला ऑफिसातच चणे-शेंगदाणे खा. तरीही रात्री भूक लागली तर दिवा लावा, ताटात वाढून घ्या, बसून खा. नवऱ्याला सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण कुणातरी एका माणसाला सांगा. नीट जेवूनही हात थांबत नसेल, खाऊन झाल्यावर स्वतःचा तिटकारा येत असेल, तर त्याला बिंज ईटिंग म्हणतात. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल ऑफिसात कुणी ना कुणी सांगेलच. ती घेण्यात लाज नाही, पण तो निर्णय रिपोर्ट हातात आल्यावर, डॉक्टरांसोबत. थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं, हेही तेव्हा विचारून घ्या.

सहावीतल्या त्या मुलीचा आकडा सगळ्या वर्गापुढे वाचायला नको होता. तिची काहीही चूक नव्हती.

आज ऑफिसातून निघायच्या आधी फोन करून डॉक्टरांची वेळ घ्या. रिपोर्ट आले की मला दोन ओळी लिहा. वजन नका कळवू. हिमोग्लोबिन आणि टीएसएच किती आलं ते सांगा, आणि दम कशाने लागत होता तेही. मी वाट बघते.

तुमची,
ताई