सोलापुरात पहिलीच बाईक घेतोय, आधी कधी चालवलेली नाही. १०० सीसी घेऊ की थेट १५०?

१०० ते १२५च्या पुढे जाऊ नका. संध्याकाळी नवी पेठेत तिसरा गिअर पडला तरी नशीब, तिथं १५० घेऊन करणार काय?

मायलेज विचारण्याआधी गाडीवर बसा. नुसते चवडे नाही, दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. मग खाली उतरून ती मागे ढकलून बघा. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, सीट ७८५ मिलिमीटरवर. बेताच्या उंचीलाही आवरते. मी हौसेनं जड गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात सात रस्त्याला सिग्नलवर उभ्या उभ्या आडवी झाली, क्लचचा लिव्हर मोडला. मागचा रिक्षावाला म्हणतो, "मालक, झोपवली कशाला?"

सेकंडहँड चालेल, पण एप्रिल २०१९ नंतरची बघा. तेव्हापासून या छोट्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा आहे. कॉम्बीत मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो, एबीएसमध्ये जोरात दाबला तरी चाक जाम होत नाही. आणि इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल, तर काहीतरी गडबड आहे समजा.

लर्निंग काढल्यावर पक्क्या लायसन्ससाठी ३० दिवस थांबावंच लागतं. तेवढ्यात होटगी रोडला पहाटे हात बसवून घ्या, हेल्मेट घालूनच.