एरिया मॅनेजर झालात, पण बॅग सोडू नका

प्रश्न : सर, सोलापूरला आठ वर्षं औषध कंपनीत एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) होतो, दिवाळीनंतर प्रमोशन झालं, आता एरिया मॅनेजर आहे. हाताखाली पाच पोरं, त्यातले दोघं कालपर्यंत माझ्यासोबतच चहा प्यायचे आणि एक जण तर वयाने पण मोठा. माझं स्वतःचं टार्गेट कधी चुकलं नाही, पण टीमचं तीन महिने झाले सत्तर टक्क्यांच्या वर जातच नाहीये. रोज सकाळी ग्रुपवर मेसेज टाकतो, संध्याकाळी सगळ्यांना फोन करतो, मोटिव्हेशनल व्हिडिओ पण पाठवतो. सगळे ‘यस सर’ म्हणतात आणि होत काहीच नाही. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे ते व्हिडिओ बंद करा, खरंच. भर दुपारी बार्शीत ओपीडी संपायची वाट बघत दारात उभ्या असलेल्या पोराला आधीच शंभर लोक काहीतरी पाठवत असतात. तुम्ही मेसेज लिहिला, फोन लिहिले, व्हिडिओ लिहिले, पण कोणाबरोबर किती दिवस फील्डमध्ये फिरता हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. पाच जण म्हणजे प्रत्येकाला महिन्याला चार दिवस आरामात देता येतात. आणि जॉइंट वर्किंगला, म्हणजे पोराबरोबर डॉक्टरांकडे, गेलात की केबिनमध्ये तुम्ही बोलू नका हो, आपल्याला सवय असते, डॉक्टरने मान वर केली की आपणच सुरू होतो आणि पोरगा बाजूला बॅग धरून उभा, बाहेर आल्यावर डॉक्टरच्या लक्षात तुम्ही राहता आणि उद्या परत तिथे जायचं असतं त्याला.

बाहेर आलात की टपरीवर बसा आणि टार्गेट फोडून दाखवा. समजा एका ब्रँडचं चाळीस हजाराचं टार्गेट आहे आणि स्टॉकिस्टला (कंपनीचा माल घेऊन केमिस्टना देणारा होलसेलर) गोळ्यांची पट्टी ऐंशी रुपयाला पडते, म्हणजे पाचशे पट्ट्या. डॉक्टरने रोज दोन पेशंटला लिहिलं, पंचवीस दिवस, प्रत्येकी दोन पट्ट्या, तर एका डॉक्टरच्याच शंभर झाल्या. म्हणजे पाच डॉक्टर पाहिजेत, बास. चाळीस हजार म्हटल्यावर पोरगा घाबरतो, पाच डॉक्टर म्हटल्यावर बोटांवर नावं मोजायला लागतो. मग त्या डॉक्टरांच्या खालच्या केमिस्टकडे जाऊन आरसीपीए, म्हणजे केमिस्टकडची प्रिस्क्रिप्शनची तपासणी, नीट करा, नुसतं रिपोर्टमध्ये भरायला नको, खरंच कोणाचं लिहिलं जातंय ते बघा.

आता महिनाअखेर. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून सांगतो. सांगलीला असताना तीस तारखेला स्टॉकिस्टच्या हातापाया पडून तीन महिन्यांचा माल टाकला, प्रायमरी, म्हणजे कंपनीकडून स्टॉकिस्टला विक्री, झाली, इन्सेंटिव्ह पण आला, आणि आठ महिन्यांनी निम्मा माल एक्स्पायरीत परत, वर तो स्टॉकिस्ट पुढे वर्षभर माझा फोन उचलायचा नाही. त्यामुळे वरून कितीही प्रेशर आलं तरी पोरांना आधी सेकंडरी (स्टॉकिस्टकडून केमिस्टला गेलेला माल) आणि क्लोजिंग स्टॉक (स्टॉकिस्टकडे उरलेला माल) विचारा. एक-दोन महिने तुमचा आकडा अजून खाली दिसेल, मीटिंगमध्ये बोलणी पण बसतील, ती तुम्ही खायची, खाली पास करायची नाहीत.

सीनियर माणसाचं म्हणाल तर टूर प्लॅन लावायच्या आधी त्याला विचारत जा. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरला नाईट हॉल्ट टाकायचा नसतो, लॉज मिळत नाही आणि डॉक्टरना मान वर करायला वेळ नसतो, हे मुंबईच्या हेड ऑफिसला कोण सांगणार? तोच सांगेल. चार लोकांत त्याला ‘अरे तुरे’ मात्र नको.

आणि हो, पोरांचं एक्स्पेन्स स्टेटमेंट तुमच्याकडे तर अडकलेलं नाही ना, ते आजच बघा. पेट्रोल स्वतःच्या खिशातून टाकून महिनाभर फिरणाऱ्याला अजून काय मोटिव्हेट करणार.

प्रश्न : मी जळगावची, बीएस्सी केमिस्ट्री झालंय, एमआरची ऑफर आहे. घरचे म्हणतात मुलींचं काम नाही, डॉक्टरना गिफ्टं वाटत फिरायचं असतं. जाऊ का?

उत्तर : ताई, गिफ्टचं घरी समजावून सांग. औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या 2024 च्या यूसीपीएमपी संहितेत डॉक्टरला गिफ्ट द्यायला मनाई आहे, सॅम्पल सुद्धा एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला बारा पॅकच. म्हणजे शेवटी तुला मिळणार ती दोन मिनिटं आणि त्यात तू काय सांगतेस ते, तिथे तुझी केमिस्ट्री कामाला येईल. मुली या लाइनमध्ये चांगल्या करतायत, माझ्या शेवटच्या टीममध्ये दोघी होत्या आणि रिपोर्टिंग त्यांचंच सगळ्यात चोख.

पण सही करायच्या आधी विचारून घे, एचक्यू (हेडक्वार्टर, कामाचं मुख्य गाव) जळगावच आहे ना, एक्स-एचक्यू (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत) किती, आउटस्टेशनला रात्री राहायचं किती दिवस आणि त्याचा डीए (रोजचा भत्ता) किती. आणि त्या जागेवर आधी कोण होता, का सोडून गेला? हे एचआर नीट सांगणार नाही. गावातल्या एखाद्या स्टॉकिस्टच्या काउंटरवर जाऊन विचार, पाच मिनिटांत सगळा इतिहास कळेल.