वाचकांचे प्रश्न: इतक्या वर्षांनी थेरपी घेऊन काय होणार?

प्रश्न: नमस्कार ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या श्टुटगार्टला असते. आमच्या बिल्डिंगमध्ये अलेप्पोहून आलेलं एक सीरियन कुटुंब आहे, त्यातल्या काकूंशी माझी छान गट्टी जमलीये. २०१५ ला आले ते, पण अजून त्यांना रात्री झोप नाही, हेलिकॉप्टरचा आवाज आला की घामाघूम होतात, आणि डोकं तर कायमच दुखत असतं. डॉक्टरांनी थेरपी सुचवलीये, त्यांचे मिस्टर म्हणतात कशाला जुनं उकरून काढायचं. खरंच उपयोग होतो का, आणि झाला तर टिकतो का?

उत्तर: काकांची भीती मला कळते, आपल्याकडेही घरोघरी हेच म्हणतात, काळ जाऊ दे, विसरशील. पण नुसता काळ जाऊन भागत नाही हो. ख्मेर रूज या कंबोडियातल्या क्रूर राजवटीच्या छळातून सुटून अमेरिकेत आलेल्या कंबोडियन लोकांची लाँग बीचमध्ये पाहणी झाली होती, २००५ ला छापून आली, तिथे येऊन वीसेक वर्षं होऊनही ६२ टक्के लोकांना पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनाला जडणारा आघाताचा आजार) होता आणि ५१ टक्क्यांना डिप्रेशन.

आता थेरपीचं. जर्मनीतल्याच कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांनी नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी म्हणून एक पद्धत बसवली. त्यात जमिनीवर एक दोरी पसरतात, ते आपलं आयुष्य, चांगल्या आठवणीला फूल ठेवायचं, वाईटाला दगड, आणि मग जन्मापासून ओळीने सगळं सांगत यायचं. दगड आला की तिथे घाई करायची नाही, काय दिसलं, कसला वास आला, छातीत काय झालं हे सगळं बोलायचं, थेरपिस्ट लिहून घेतात, पुढच्या वेळी वाचून दाखवतात, आणि शेवटी ती पूर्ण कहाणी त्या माणसाच्या हातात देतात. म्हणजे उकरून तसंच उघडं टाकून देत नाहीत. ती आठवण तेव्हाची, तिथली, हे मनाला पटायला लागतं, नाहीतर प्रत्येक हेलिकॉप्टर आत्ताच बॉम्ब टाकणार असं शरीर धरून चालतं.

युगांडातल्या इम्वेपी वस्तीत सुदानी निर्वासितांवर हे करून पाहिलं, फक्त चार बैठका, आणि वर्षभराने ही थेरपी मिळालेल्यांतल्या २९ टक्के लोकांनाच पीटीएसडी उरला होता, नुसता धीर देणारं समुपदेशन मिळालेल्यांत जवळजवळ ८० टक्के. अभ्यास छोटा होता, ४३ जणांचा, पण नंतर नाकिवाले वस्तीत निर्वासितांमधल्याच साध्या लोकांना शिकवून त्यांच्याकडून ही थेरपी करून घेतली, तिथेही बराच फरक पडला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तिथे डॉक्टर कुठून आणणार.

पण प्रत्येक थेरपी टिकतेच असं नाही. जॉर्डनच्या अझ्राक कॅम्पमध्ये सीरियन लोकांसाठी पाच बैठकांचा ग्रुप प्रोग्राम झाला, तीन महिन्यांनी डिप्रेशन कमी दिसलं, वर्षभराने तो फायदा उरला नव्हता. माझं मत विचाराल तर यात नवल नाही, माणूस अजून कॅम्पातच आहे, काम नाही, परत कधी जाणार माहीत नाही, मग मन कशाच्या जोरावर सावरणार? तुमच्या इथेही तेच बघा ना, डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचा हुकूमशहा असद याची सत्ता पडली आणि लगेच दुसऱ्या दिवशी जर्मनीने सीरियन लोकांच्या आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले, नवीन आलेल्यांची झोप उडणारच. म्हणून काकूंचा व्हिसा, घरच्यांना इकडे आणायचं, यातलं काही अडकलं असेल तर थेरपीच्या जोडीनेच वकिलाचा सल्लाही घ्या, नंतर बघू म्हणून ठेवू नका.

तुमच्याच शहरात रेफ्युजिओ श्टुटगार्ट हे अशा लोकांसाठीचं केंद्र आहे, तिथे विचारा, अशा ठिकाणी वेटिंग असतं म्हणून नाव लवकर घाला. दुभाषा मात्र बाहेरचाच हवा, घरातल्या मुलाला बसवू नका, आई त्याच्यासमोर बोलणार नाही आणि बोलली तर त्याला ते झेपणार नाही. सुरुवातीच्या बैठकांनंतर काकूंना काही दिवस जास्त त्रास होऊ शकतो, हे काकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते मध्येच बंद करायला लावणार नाहीत. आणि तुम्ही स्वतः खोदून विचारू नका, बैठक असेल त्या दिवशी चहाला बोलवा नुसतं.