तुर्गेनेव्ह कुणाच्या बाजूचा?

प्रश्न : रशियन लेखक तुर्गेनेव्हची ‘फादर्स अँड सन्स’ ही कादंबरी नुकतीच वाचली. लेखक नक्की कुणाच्या बाजूचा, बापांच्या की मुलांच्या?

उत्तर : विशीत वाचली तेव्हा मी पुरता बझारोव्हच्या, म्हणजे जुनं सगळं नाकारणाऱ्या तरुण नायकाच्या बाजूचा होतो. त्याचा मित्र अर्कादी स्वतःच्या वडिलांच्या हातातलं कवी पुश्किनचं पुस्तक अलगद काढून घेतो आणि तिथे शास्त्रावरचं एक जर्मन पुस्तक ठेवतो, ते वाचून मला केवढा आनंद झाला होता! आता माझाच मुलगा विशीचा आहे. परवा त्याच पानावर आवंढा आला. मुलगा प्रेमानेच काढतो, पण काढतोच.

कादंबरी १८६२ची, म्हणजे रशियात भूदासांची (जमीनदारांच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांची) मुक्तता होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तेव्हा दोन्ही पिढ्या लेखकावर चिडल्या. (मूळ रशियन नावात ‘मुलगे’ नाहीत, ‘मुलं’ आहेत.)

माझ्या मते लेखकाचा जीव बझारोव्हच्या बापात, म्हाताऱ्या वासिली इवानोविचमध्ये अडकलाय. मुलगा तीन वर्षांनी घरी येतो आणि तीन दिवसांत निघतो म्हणतो. बाप रुमाल काढून वाकून नाक शिंकरतो, रागाचा शब्द नाही. पुढे टायफस या संसर्गजन्य तापाने गेलेल्या शेतकऱ्याचं शवविच्छेदन करताना मुलाचं बोट कापतं. बाप निवृत्त लष्करी डॉक्टर. संसर्ग होऊ नये म्हणून जखम डागायला धावतो. मुलगा सांगतो, चार तासांवर झाले, आता उशीर झाला. बापालाही ते कळतं. तरी तो आणखी थोडं डागतो.

तेवढं पान पुन्हा वाचा.