आधी अँटेना काढून बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तू बनवलेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या सेटचा फोटो दोन्ही मिळाले. प्लायवूडच्या तुकड्यावर बसवलेला बोर्ड, बाजूला फवारणी पंपातली बॅटरी आणि मागे तुरीची पोती. फोटो मी चष्मा लावून दोनदा पाहिला. परवान्याचा, व्हीयू३ने सुरू होणारा कॉल साईन हातात पडेपर्यंत सोल्डरिंगला हात लावला नाहीस, हे मला सगळ्यात आवडलं. पण शेवटी तू लिहितेस, ‘सर, आता फक्त अँटेना जोडायची बाकी आहे, रविवारी हवेत येते.’ तेवढ्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र.

अँटेना सगळ्यात शेवटी जोडायची. ती नसताना सेट कसा वागतो हे ठाऊक नसेल, तर ती जोडल्यावर जे काही बिघडेल ते कोणाचं, हे कधीच कळणार नाही. यात मी स्वतः चांगला पोळलोय.

माझा पहिला सेट होता बिटएक्स. हैदराबादच्या अशर फरहान यांनी हे सर्किट आपल्याकडच्या बाजारात मिळतील अशा सुट्या भागांतून मांडलं होतं. कॉइल गुंडाळायला त्यांनी चक्क नळाचे वॉशर वापरले होते. मी दारव्ह्याच्या एका दुकानात डझनभर वॉशर मागितले, तर दुकानदार म्हणतो, ‘काहून मास्तर, किती नळ गळून राहिले बाप्पा तुमच्या घरी?’ असो. सेट बनला. हिवाळ्याची रात्र, कानाला हेडफोन, आणि बँडवर माणसांच्या आवाजावर चढून एकच आवाज: टक्. टक्. टक्. घड्याळासारखा, सेकंदाला एक.

मला वाटलं, ऑडिओच्या भागात काहीतरी धडधडतंय. एक कपॅसिटर बदलला. मग दुसरा. मग ऑडिओची आयसीच उपसली, आणि ती उपसताना बोर्डावरचे दोन ट्रॅक उचकटले. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री टेबल आवरताना अँटेनाची पिन चुकून निघाली आणि टक्टक् एकदम बंद. पिन लावली, सुरू. काढली, बंद. मी खुर्चीत बसून स्वतःलाच हसलो. माझ्या सेटमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. जे बिघडवलं ते मीच.

सकाळी ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावला, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि धुऱ्याधुऱ्याने निघालो. शेजाऱ्याच्या वावराजवळ टक्टक् कान फोडायला लागली. रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून त्याने हरभऱ्याभोवतीच्या तारेला झटका मशीन लावली होती. एका कोपऱ्यात ओलं गवत तारेला टेकलेलं, आणि एका खुंटावरचं इन्सुलेटर तडकलेलं. मशीन दर सेकंदाला झटका सोडणार, तिथे बारीकशी ठिणगी पडणार, आणि ती ठिणगी म्हणजे एक छोटा ट्रान्समीटरच. मशीन बंद कर म्हणायची सोय नव्हती. तो म्हणाला, ‘बंद केली त रोही एका रात्रीत हरभरा साफ करतीन.’ खरंच होतं ते. मग दोघांनी विळे घेतले, गवत काढलं, इन्सुलेटर बदललं. टक्टक् अगदी गेली नाही, पण माणसं ऐकू यायला लागली. त्याच्या तारेतला झटकाही जोरदार झाला, त्यामुळे तो माझ्यावर खूश.

म्हणून तू पहिल्यांदा फक्त रिसीव्हर चालू कर आणि अँटेना लाव-काढ करून ऐक. काढल्यावर जो आवाज राहतो तो तुझ्या सेटचा. जो जातो तो गावाचा: एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, सौर पंपाचा कंट्रोलर, डीपीवरचा सैल जंपर. लोडशेडिंगला सगळं गाव शिव्या देतं, पण रेडिओवाल्याला त्याच दोन तासांत बँड आरशासारखा स्वच्छ मिळतो. कोणाला सांगू नकोस.

बॅटरी फवारणी पंपाची घेतलीस ते झकास. पण १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर एवढीशी दिसते म्हणून तिला गरीब समजू नकोस. शॉर्ट झालं तर बोर्डावरचा ट्रॅक जाळायला ती पुरून उरते. प्लसच्या तारेत २ अँपिअरचा फ्यूज घाल. फ्यूजच्या पुढे प्लस-मायनसमध्ये १एन४००७ डायोड आडवा टाक, पट्ट्याची बाजू प्लसकडे. घाईत बॅटरी उलटी लागली तर फ्यूज जाईल, सेट वाचेल.

मग तो पॉवर देणारा शेवटचा मॉसफेट ट्रान्झिस्टर, आयआरएफ५१०. त्याची धातूची पाठ म्हणजेच ड्रेन, बॅटरीचा प्लस तिथे येऊन बसलेला असतो. तू त्याला अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसलास, पण फोटोत मधे वीज अडवणारं अभ्रक दिसत नाही. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुशिंग घाल, आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून पाठ आणि पट्टी यांच्यात बीप येत नाही याची खात्री कर. गेटला व्होल्टेज देणारा बायसचा प्रीसेट आधी पूर्ण शून्याकडे फिरव. माईक काढून ठेव, अँटेनाच्या जागी डमी लोड जोड (तो कसा करायचा ते पुढे), पीटीटी म्हणजे बोलायचं बटण दाब, आणि मॉसफेटच्या पुरवठ्यात मीटर लावून प्रीसेट केसाएवढा केसाएवढा चढव. साधारण १०० मिलिअँपिअरला थांब. गेटला ३-४ व्होल्टच्या आसपास तो अचानक जागा होतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात असताना कोणाशी बोलू नकोस.

डमी लोड विकत घेऊ नकोस. १ किलोओहमचे २ वॅटचे वीस रेझिस्टर तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये शिडीसारखे जोड. वीस जण मिळून ५० ओहम होतात आणि ४० वॅटपर्यंत टिकतात. फक्त तारेचे वेटोळे असलेले रेझिस्टर घेऊ नकोस, ते रेडिओ फ्रिक्वेन्सीला कॉइलसारखे वागतात. त्याच्यावर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की मल्टिमीटरवर पीक व्होल्टेज वाचता येतं. माईकसमोर लांब ‘आऽऽ’ म्हण. मीटर २२ दाखवतो का बघ. २२ गुणिले २२, भागिले १००, म्हणजे जवळजवळ ५ वॅट. आता गप्प बस, पण पीटीटी सोडू नकोस. मीटर शून्याजवळ यायला हवा. तो तीन-चार व्होल्टवर अडून राहिला, तर एसएसबीमध्ये, म्हणजे आपल्या बोलण्याच्या पद्धतीत, जो कॅरिअर (आवाजाविनाची मूळ लहर) दाबला जायला हवा तो गळतोय. बॅलन्स्ड मॉड्युलेटरचा प्रीसेट फिरवून तो कमी कर. ही गळती अँटेनावर कधीच कळली नसती. उलट तुला वाटलं असतं, वा, पॉवर चांगली आहे.

शेवटचा लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी गाळणी, उताविळीपायी वगळू नकोस. ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२ आणि तिप्पट २१.३, दोन्ही आपल्याच हौशी लोकांच्या बँडांत पडतात. तू बोलणार एका ठिकाणी आणि त्रास होणार आणखी दोन ठिकाणी.

एवढं झालं की अँटेना. डायपोलची, म्हणजे मधून दोन्हीकडे पसरणाऱ्या तारेची, प्रत्येक बाजू १० मीटर धर, पण ३० सेंटिमीटर जास्त ठेवून काप. दोन्हीकडून १० सेंटिमीटर कमी केले की फ्रिक्वेन्सी साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकते, म्हणजे अँटेना कुठे जुळते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर तळ कुठे पडतो ते बघत बघत छाटता येतं. तुटलेली तार परत वाढवणं कटकटीचं असतं. मधला भाग कडुनिंबावर चढव, दोन्ही टोकं खाली बांबूला. फार उंच नाही म्हणून हळहळू नकोस. दिवसा ४० मीटर बँडवर (आपला ७ मेगाहर्ट्झचा) कमी उंचीचा डायपोल लहरी सरळ वर फेकतो आणि त्या वातावरणातल्या वरच्या आयनांबरावरून आपटून तीन-चारशे किलोमीटरच्या घेऱ्यात उतरतात. सकाळी हैदराबाद, पुणे आरामात. भर दुपारी सगळे मंद होतात, आणि रात्री जवळचे गायब होऊन दूरचे येतात. विजेच्या तारेच्या आसपास मात्र डायपोलची दोरीसुद्धा फेकायची नाही. आणि ढग गडगडायला लागले की कोॲक्सची, म्हणजे अँटेनाच्या केबलची, पिन काढून खिडकीबाहेर.

आता झटका मशीनच्या उलटं एक. ते मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला त्याची अजून लाज वाटते. माझा सेट हवेत आला तेव्हा भेटेल तो ‘फाईव्ह नाईन, ओएम, फाईव्ह नाईन’ म्हणायचा, म्हणजे ‘अगदी स्पष्ट आणि जोरदार, दोस्ता’. मी फुगलो. मग एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘मास्तर, तुमच्यामागे घरघर आहे आणि तुम्ही वाहत चाललाय.’ मला राग आला. मनात म्हटलं, यांच्याच गावात कोणाची तरी झटका मशीन असेल. दहा दिवस मी त्यांना टाळलं. मग एका रात्री जुन्या रिसीव्हरवर, डमी लोड लावून, स्वतःचाच आवाज ऐकला. घरघर होती, सप्लायमधून आलेली. वाहणं, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकणं, तर इतकं, की टिनाचं छप्पर तापायला लागलं की दहा वाजता मी दीड किलोहर्ट्झ सरकलेला असायचो. त्यांना फोन केला, माफी मागितली. त्यांनी चाळीस मिनिटं बसून माझी घरघर घालवली.

तुझ्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी पक्की धरणारी एसआय५३५१ चिप आहे, तू वाहणार नाहीस. बाकीच्या खोड्या मात्र असतीलच. म्हणून कोणी ‘फाईव्ह नाईन’ म्हणालं की आभार मान आणि लगेच विचार: मी गप्प असताना काही ऐकू येतं का? आवाज पसरट आहे का? शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतेय का? त्यावर थोडा वेळ गप्प राहून मग बोलणारा माणूस तुझ्या कामाचा. त्याचा कॉल साईन वहीत लाल पेनाने लिही.

डमी लोडचे आकडे मला कळव: बोलताना किती, गप्प असताना किती. ते आल्यावरच अँटेना. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ८ वाजता मी ७.१२०च्या आसपास ऐकत बसेन. शेजाऱ्याला सांगून ठेवतो, अर्धा तास रोह्यांकडे तू स्वतः बघ म्हणून.

— सर

ता. क. पाकिटात अभ्रकाच्या दोन चकत्या आणि एक बुशिंग टाकलंय. चकती नखाने उलगडू नकोस, पापुद्रे सुटतात.